‘म’चा खण

ताई: मग, काय म्हणाले साहेब? चहा पाजून कौतुक चाललं होतं तुझं, दारातून दिसलं.

नवी: ‘म’चा खण सापडला का, विचारत होते.

ताई: तीस वर्षं ग्रंथालयातले हे पुस्तकांच्या कार्डांचे खण मी सांभाळले. एक कार्ड इकडचं तिकडे झालं नाही. तू कॉम्प्युटर घेऊन आलीस आणि अख्खा खण गायब. आता बस म्हणावं शोधत.

नवी: शोधणं सोडलं. ‘म’ची पुस्तकं कपाटातून काढली आणि एकेक हातात घेऊन नव्यानं नोंद केली. चारशे बारा. काल संपली.

ताई: आठ दिवसांत?

नवी: रविवारीही आले होते.

ताई: स्पष्टच सांगते, जळते मी तुझ्यावर. परवा ते पेन्शनर आजोबा, वीस वर्षं मला विचारून पुस्तक नेणारे, माझ्या टेबलावरून सरळ तुझ्याकडे गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नवी: त्यांना पुस्तक तुमच्यामुळेच मिळालं. कार्डामागे पेन्सिलीनं लिहिलंय तुम्ही, ‘अक्षर मोठं, आजोबांना चालेल.’

ताई: तेही उतरवलंस?

नवी: शेऱ्याचा रकाना आहे ना. आणि त्याखाली हा बघा, ‘नोंद कोणाची’.

(ताई चष्मा लावून पडद्याकडे वाकतात.)

ताई: हे तर माझं नाव.

नवी: विषय तुम्ही ठरवलेत, मी नुसतं टाइप केलं. अकरा हजार नोंदी आहेत, तुमच्याच नावावर.

ताई: खाली जा. अजून खाली. इथे तुझं नाव आहे.

नवी: तो ‘म’. कार्डंच नव्हती समोर, तुमचं नाव कशाच्या आधारावर घालू?

ताई: चारशे बारा पुस्तकं तुझी.

नवी: पाच वाजता यादी मुख्य ग्रंथालयात जाते. मग बदलता येत नाही.

ताई: आणि त्याआधी कार्डं आली तर?

नवी: तर ताडून बघेन आणि नाव बदलेन.

ताई: किती वाजले?

नवी: साडेबारा. तुमचं घर दहा मिनिटांवर आहे ना?

ताई: तुला कधीपासून माहीत आहे?

नवी: चला ताई, उशीर होईल.

ताई: तूही चल. पलंगाखाली ढकलताना गेला, ओढताना एकटीला निघायचा नाही.