मल्टिप्लेक्समधली शांतता

गळ्याशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे एक जागा सोडून, पण ती शेवटी सांगतो.

पुण्यात मल्टिप्लेक्स नवीन होतं, तेव्हा माझ्या सासऱ्यांना, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदार अण्णांना, मी युद्धाचा सिनेमा दाखवायला नेलं. बॉम्ब फुटायला लागले, खुर्ची हादरली, मी कानांत बोटं घातली. अण्णा निवांत वेफर्स खात म्हणाले, "त्या पोराला बूट मोठे झालेत."

मग पडद्यावर सगळं शांत झालं. सैनिक झोपले. अण्णांनी माझं मनगट आवळलं.

"जावईबापू, खाली व्हा."

"अहो अण्णा, थांबलंय सगळं."

"म्हणूनच. आवाज असला की कुठून येतंय ते तरी कळतं."

ते दोन रांगांच्या मध्ये उकिडवे बसले. मीही बसलो, कारण एव्हाना मलाही ती शांतता सोसवेना. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, काही हरवलंय का आपलं?"

"चप्पल," अण्णा म्हणाले आणि अख्खी रांग हसली.

ती चप्पल माझ्या पदरची. काय हरवलंय, याला अण्णांचं उत्तर होतं, "दोघं जण." हसलं कुणीच नव्हतं.