व्याह्यांसाठी घेतलेली गाडी

चाकणला दुकान चालवलं ते रोखीवर, त्यामुळं क्रेडिट कार्ड कधी काढलंच नाही. त्याचा तोटा कळला तो व्याह्यांसमोर.

ते माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं ठरवायला लोकलनं आकुर्डीला उतरणार होते. छाप पडावी म्हणून मी मोठी गाडी भाड्यानं घेतली. कार्ड नाही म्हटल्यावर गाडीवाल्यानं अनामत म्हणून माझी स्कूटर ठेवून घेतली.

"नवी दिसते," व्याही बसता बसता म्हणाले.

"दिवाळीत घेतली," मी ठोकून दिलं आणि मोकळा रस्ता दिसताच गाडी पळवली.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर गाडीवाल्याचा फोन आला. "काका, इथं जीपीएसवर स्पीड दिसतोय, ऐंशीच्या पुढं नेऊ नका. आमच्याकडं तुमची नुसती स्कूटर आहे."

लग्न मोडलं, असंच मला वाटलं.

"मुलगी बघायला आलो तेव्हा मीही याचीच गाडी भाड्यानं आणली होती," व्याही हळूच म्हणाले. "पुढच्या वेळी माझं कार्ड द्या."