मागे कोण बसणार?

परदेशातल्या त्या गॅरेजात नर्सबाई आपल्या स्कूटरची वाट बघत बसल्या होत्या. समोर विक्रीच्या छोट्या मोटारसायकलवर एक अगडबंब गृहस्थ बसून बघत होते, आणि त्यांची बायको बिनधास्त मराठीत सुटली होती.

“अहो, उतरा! गुडघे कानाला लागलेत. सर्कशीतलं अस्वल दिसताय.”

“हळू बोल.”

“इथं कुणाला कळतंय मराठी? ती मोठी बघा ना!”

“तिच्यावर तुझे पाय टेकणार नाहीत.”

“मला कशाला टेकायचेत? मी मागे बसणार.”

“मागे मी बसणार. चालवणार तू.”

बायकोनं हळूच त्या छोटीचं हँडल धरून बघितलं.

“अगं, नीट धर की!”

“मला जमेल?”

“न जमायला काय झालं, ताई?” नर्सबाईंच्या तोंडून निसटलंच.

अस्वल खो खो हसत सुटलं.