उंटस्ले मांगे ले

अगं, उंटाच्या वासाने घोडा बिथरतो, हे तुला माहीत होतं का? मला माझ्या नितीनने शिकवलं. तो पुण्यात नोकरीला, मी इथे धुळ्यात. संध्याकाळी आम्ही मायलेक मोबाइलवर जुन्या लढायांचा गेम खेळायचो. तेवढंच आमचं बोलणं. समोरून घोडेस्वार आले की मी माझे उंट सोडायचे, आणि घोडे उधळायचे. फक्त भालेवाल्यांवर उंट घालायचे नाहीत, तिथे ते टिकत नाहीत.

"बाकीचे खेळात असले की तुझा माइक बंद ठेव हं आई, आवाज घुमतो," एवढं मात्र तो बजावायचा.

त्या दिवशी त्याचे ऑफिसातले मित्रही खेळात होते. माझ्या उंटांनी शत्रूचे सगळे घोडे पळवले. नितीन खूश होऊन त्याचे उंट घेऊन पुढे सुटला, तर समोर झाडीत भालेवाले! मला राहवलं नाही. माइक चालू करून मी ओरडलेच, "आरे भाऊ, उंटस्ले मांगे ले! भालावाला उनात!"

मित्र खो खो हसले. "कोण रे ही बाई? कुठली भाषा?"

नितीन म्हणाला, "अरे, रूमवरच्या कामवाल्या मावशी. फोनवर बडबडतायत कुणाशी तरी."

उंट मात्र त्याने मागे घेतले. लढाई आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदाच त्याच्याशी अहिराणी सोडून शाळेतल्या मराठीत बोलले.