नाव सांगून लावलेला ट्रंक कॉल

रेणुका : म्हंजे एकाच गावचा फोन अन् भाव दोन? केशवभाऊ, मले येडी समजता काय?

केशवराव : भाव मी नाही लावत वहिनी, सरकार लावते. अख्ख्या वांकिडीत माह्याच दुकानात फोन, म्हनून सारे मलेच चोर म्हनते. आयका. साधा कॉल लावला, तं मंचेरियलले जो उचलन त्याच्यासंग बोला, पैसे पुरे. पी.पी. कॉल महाग. पन ज्याचं नाव सांगतलं, त्यालेच बलावते. थो नाही सापडला, तं थोडकेच पैसे.

बयनाबाई : चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! साधा लाव रे केशव. त्याच्या खोलीखालचा मेडिकलवाला सांगन, लेक खुशाल हाय म्हनून. झालं.

रेणुका : आजवर साधाच लावला, आत्याबाई. दर खेपेले थो मेडिकलवाला म्हनते, 'ड्यूटी पे गया.' खाणीत मानसाले घरी येनंच नाही काय? पाणी कुठंतरी मुरून राह्यलं.

बयनाबाई : सून हायेस का पोलीस? राबते माहा लेक.

रेणुका : राबू द्या. मले कधी नेतीन, एवढंच त्याईच्या तोंडून आयकाचं हाय. क्वार्टर भेटलं का नेतो, क्वार्टर भेटलं का नेतो... लगनाची हळद उतरली तवापासून हेच आयकून राह्यली मी.

केशवराव : मंग पी.पी. लावू? नाव सांगा.

रेणुका : तुमाले ठाऊक हाय नं.

केशवराव : आमी तं त्याले लहानपनापासून बाळ्याच म्हनतो. ऑपरेटरले खरं नाव लागते.

रेणुका : मी कशी घेऊ? आत्याबाई, तुमी सांगा.

बयनाबाई : ऊन चढून राह्यलं. घरी चाल.

रेणुका : लेकाचं नाव घ्याले काय होते तुमाले?

बयनाबाई : घरी चाल म्हनलं नं!

रेणुका : ...लिवा केशवभाऊ. सुधाकर.

बयनाबाई : अवं! भरल्या दुकानात नवऱ्याचं नाव घेतलं? जीभ कशी नाही झडली?

रेणुका : झडली तं झडली. लावा.

(बऱ्याच वेळानं फोनची घंटी वाजते.)

केशवराव : हॅलो... आ, चेप्पंडी... लेडा?... एवरु? भार्या?... ए भार्या? ...वहिनी, नाही सापडला थो. चला, थोडक्यात निपटलं.

रेणुका : काय म्हनली ऑपरेटर?

केशवराव : हेच. मानूस नाही म्हने.

रेणुका : खोटं. भार्या म्हनलं तुमी. मले तेलुगू येत नाही, पन भार्या समजते.

केशवराव : ...मानूस कामावर गेला म्हने. त्याची बायको खाली आली हाय. तिच्यासंग बोलता काय, इचारते.

बयनाबाई : ठेव रे थो फोन!

रेणुका : तुमाले ठाऊक होतं, आत्याबाई. म्हनून साधा लाव, साधा लाव.

बयनाबाई : काय करू वं? लेक तं गेलाच. तूबी गेली असती, तं मी कोनाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं? भेव वाटे मले.

रेणुका : अन् माह्यं काय? माहा जीव नाही जळत?

केशवराव : वहिनी, ऑपरेटर थांबून हाय. नाही म्हनलं तं थोडकेच पैसे. तिच्यासंग बोलल्या, तं पुरे लागतीन.

रेणुका : लागू द्या.