काढलेल्यांचा ग्रुप

सन २०२२ चा पावसाळा संपत आला होता आणि दसरा पंधरा दिवसांवर होता. आमच्या फूलशेतीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाचशे माणसं आणि ॲडमिन मी एकटा. शेती सोडून दुसरं कोणी काही टाकलं की मी त्याला काढत असे.

वलगावला माझा दोन एकर झेंडू माना टाकू लागला. मी फोटो टाकून विचारलं, काय करू? साऱ्यांनी पाहिलं. दिवसभर एकानंही उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी हिवरखेडच्या पुंडलिकचा फोन आला. जावयाच्या वाढदिवसाचा फोटो टाकला म्हणून त्याला मी उन्हाळ्यात काढलं होतं.

"काकाजी, बुडाशी पाणी साचून राहिलं. औषध मारू नका, चर खोदून पाणी काढा."

"तुले फोटो कुठून भेटला?"

"आमच्या ग्रुपवर आला."

"कोणता ग्रुप?"

"तुमी काढलेल्यायचा. आता तुमचेही सारे तेथंच बोलतात. तुमच्या ग्रुपवर बोलाले भेतात."

मी फोन ठेवला. सकाळी चर खोदले. दसऱ्याला झेंडू बाजारात गेला.

उपकार अंगावर ठेवायची मला सवय नाही. त्याच दिवशी पुंडलिकला ग्रुपमध्ये परत घेतलं आणि ॲडमिन केलं.