उजेड कोण वाढवतंय?

चार दिवस मी घरात सीआयडीगत फिरत होतो, सांगतो की. माझ्या फिशटँकमधलं प्रवाळ पांढरं पडाय लागलं. राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला, "पावणं, जिवंत हाय ते. लाइट दिवसाला आठ तास, ती बी चाळीस टक्क्यांच्या वर न्यायची न्हाय." मी तर रोज चाळीसवर लावूनच कामाला जायचो, अन् संध्याकाळी बघावं तर बटण शंभरवर!

बायकोला विचारलं, तर भडकलीच. "त्या खोक्याला मी हात बी लावत न्हाय. माझ्यावर संशय व्हय?" आमचे वडील, आबा, पेपर पार नाकाला लावून वाचत बसलेले. माझा संशय काय बायकोवरनं हटंना.

शेवटी एक दिवस न सांगता दुपारीच घरी आलो. बघतो तर टँकला खुर्ची लावून आबा बसलेले, लाइट शंभरवर, अन् तिच्याखाली पेपर धरलेला.

"आबा, तुम्ही? अवो, जास्त उजेडानं मरतंय ते!"

आबांनी पेपर खाली घेतला. "तुझ्या प्रवाळाला उजेड जास्त झाला, ते तुला चार दिवसांत कळलं. मला कमी पडाय लागलाय, त्याला वरीस झालं."